सून भिंती दाखवते, मला नुसती घाण दिसते

पत्र: ताई, मी फोंड्याची. शाळेत ३१ वर्षं मराठी आणि गणित शिकवून रिटायर झाले, वय ६६. मुलगा-सून लिस्बनला असतात, मी ३ महिन्यांसाठी आलेय, त्यातला १ संपला. सून मडगावची, गुणी आहे, कसल्याशा डिझाईनच्या ऑफिसात काम करते. सुट्टीच्या दिवशी मला फिरायला नेते. मला वाटलेलं चर्च, किल्ला, नदी असं काही बघू, तर ही मला भिंती दाखवते. स्प्रे मारलेल्या. एका भिंतीचं प्लास्टर फोडून ठेवलंय, दुसरीवर चक्क कचरा चिकटवलाय. मागच्या रविवारी तिच्या दोन मैत्रिणी सोबत होत्या, एक आपल्या गोव्याचीच, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं की ह्यापेक्षा आमच्या बसस्टँडवरची मुतारी बरी. मैत्रीण हसली, सून नाही हसली. तेव्हापासून वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या आठवण करून देते, पण ‘चला आई, बाहेर जाऊया’ हे बंद झालंय. मुलगा म्हणतो सॉरी म्हण आणि आवडलं म्हणून सांग. खोटं कसं सांगू? आणि खरंच, त्यात बघायचं तरी काय असतं?
— फोंड्याची सासू

बाई (शाळेतून रिटायर झालात म्हणजे माझ्यासाठी बाईच), तुमचं पत्र वाचून मी आधी मोठ्यानं हसले आणि मग जराशी शरमले, कारण जवळपास असंच वाक्य मी पण लिस्बनात बोलून बसलेय, फरक एवढाच की माझ्या बाजूला सून नव्हती, मावसभाऊ होता, आणि त्यानं भर रस्त्यात मला झापलं. ते एका परीनं बरं असतं, तिथल्या तिथे मिटतं. सुनेचं गप्प राहून पोळ्या वाढणं जास्त जड जातं.

आधी घरातलं बघू, मग भिंतीकडे जाऊ.

मुलाचं अर्धंच ऐका. सॉरी म्हणा, पण आवडलं म्हणून सांगू नका. ती डिझाईनमध्ये आहे, दिवसभर लोक तिला ‘छान आहे, छान आहे, फक्त जरा बदल’ असंच म्हणत असणार, तुमचं खोटं ‘छान’ ती दोन सेकंदांत पकडेल आणि मग खरंच लांब जाईल. आणि मला नाही वाटत ती तुम्हाला आवडलं नाही म्हणून रुसलीय. चर्च आणि किल्ला तर कोणीपण दाखवतं, तिकीट काढलं की झालं. तिनं तिला स्वतःला जे आवडतं ते सासूला दाखवायला नेलं आणि सासूनं मैत्रिणींसमोर त्याची मुतारी केली. त्यात एक मैत्रीण गोव्याची, म्हणजे ते वाक्य आत्तापर्यंत मडगावला तिच्या माहेरी पोचून परत आलं असणार, आपला गोवा केवढा ते तुम्हाला मी काय सांगू. तेव्हा सॉरी त्याचं म्हणा. ‘चारचौघींसमोर मी तसं बोलायला नको होतं. मला त्यातलं कळत नाही. तू मला परत ने, पण एकच भिंत दाखव आणि समजावून सांग.’ एवढंच. एकच भिंत म्हणा हां, नाहीतर ती खुशीत दिवसभर चालवेल आणि लिस्बनच्या चढावर तुमचे गुडघे भिंतीचा सगळा राग काढतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला.

पहिलं म्हणजे तुम्ही बोललात ते अर्धं खरं पण आहे. रस्त्यावरच्या भिंतीवर जे जे दिसतं त्या सगळ्याला आपण एकाच पोत्यात भरतो आणि मग पोतं उचलून फेकतो. ते जे काळ्या मार्करनं किंवा स्प्रेनं एका झटक्यात गिरगटलेलं असतं, दरवाजावर, ट्रामवर, टेलिफोनच्या पेटीवर, ते टॅग. टॅग म्हणजे नाव, बाकी काही नाही. ३१ वर्षं वर्गात काढलीत, बाकावर कंपासच्या टोकानं नाव कोरणारी पोरं किती पाहिली असतील, तोच प्रकार, मी इथे होतो. ते तुम्हाला आवडायलाच पाहिजे असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, ज्याच्या दारावर ते काढलंय त्या लिस्बनच्या माणसालापण ते आवडत नाही. पोर्तुगालमध्ये २०१३ पासून कायदाच आहे, परवानगीशिवाय भिंत रंगवली तर दंड २५,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. फक्त एक करून बघा, तुम्ही वह्या तपासलेल्या बाई, तुम्हाला अक्षर ओळखता येतं. एका गल्लीत उभं राहून बघा, तोच हात किती ठिकाणी दिसतो. कोणाचा ‘एस’ कसा वळतो, कोण घाईत होता, कोणाचा हात बसलेला आहे. मी हे एकदा ट्रामची वाट बघताना केलं आणि वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही, आवडलं काही नाही, पण घाण दिसायची बंद झाली, लिहिलेलं दिसायला लागलं.

दुसरा प्रकार म्हणजे परवानगी घेऊन, मचाण बांधून, दिवसचे दिवस काढून केलेली मोठी चित्रं. २००८ मध्ये तिथल्या महापालिकेनं बायरू आल्तू ह्या जुन्या भागातल्या भिंती साफ करायला घेतल्या आणि बाजूच्या ग्लोरियाच्या चढावर चित्रकारांसाठी मोठे फलक लावून दिले, पालिकेचा एक विभागच आहे त्यासाठी, नाव गॅलेरिया द आर्ते अर्बाना. म्हणजे एका हातानं पुसायचं आणि दुसऱ्या हातानं रंगवायला जागा द्यायची. आपल्याकडे पहिला हात तेवढा असतो. (त्याच चढावरून १८८५ पासून ती पिवळी रस्सीवाली ट्राम चालायची, २०२५ च्या सप्टेंबरात तिचा भयंकर अपघात झाला, १६ माणसं गेली, तेव्हा तो चढ पायी, आणि दमलात तर नाही गेलात तरी चालेल.)

बरं, आता ती प्लास्टर फोडलेली भिंत. ही मला नीट सांगू दे, कारण माझी ट्यूब तिथेच पेटली.

तुम्ही फोंड्याच्या, देवळांच्या गावच्या. कावी, देवळाच्या भिंतीवरची ती लाल-पांढरी नक्षी, बघितलीय ना? मोरजीला मोरजाईच्या देवळात आहे, कोकणात आणि खाली कारवारपर्यंत जुन्या देवळांत होती, बरीचशी आता ऑईल पेंटखाली आणि बाथरूमच्या टाइलखाली गेली, तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर बीपीची गोळी घ्यावी लागेल. तर कावी करतात कशी? शिंपल्यांचा चुना, त्यात बारीक रेती, गुळाचं पाणी, ते आंबवायचं, कुटायचं, आणि पांढरं गुळगुळीत प्लास्टर भिंतीवर चढवायचं. वर लाल कावेचा थर. आणि तो ओला असतानाच टोकदार लोखंडी काट्यानं वरचं लाल खरवडून काढायचं, की खालचा पांढरा दिसतो. म्हणजे ते चित्र रंगवलेलं नसतं, काढून टाकलेलं असतं. मोराची मान म्हणजे तिथे जे उरलं ते.

आता लिस्बनचा तो मुलगा, मुलगा कसला, १९८७ चा जन्म, अलेशांद्र फार्तू, भिंतीवरचं नाव व्हिल्स. नदीच्या पलीकडे सेशाल म्हणून गाव आहे तिथे वाढला. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही पडली, त्या क्रांतीनंतर लोकांनी रंगवलेल्या घोषणा, चित्रं तिथल्या भिंतींवर होती, मग त्यावर जाहिरातींची पोस्टरं आली, पोस्टरांवर स्प्रे, स्प्रेवर पालिकेचा चुना, असे थर चढत गेले आणि हा ते बघत मोठा झाला. पुढे त्यानं काय केलं तर भिंतीवर आणखी एक थर चढवायच्या ऐवजी उकरायला घेतलं. छिन्नी, हातोडा, ड्रिल, कधी कधी तर स्फोटकं. वरचा रंग काढला की प्लास्टर, प्लास्टर काढलं की विटा, आणि त्या तीन-चार छटांतून माणसाचा चेहरा. ही कावीच आहे बाई! माप वेगळं, हत्यार वेगळं, पण हात तोच. ग्राफिटी हा शब्दपण मुळात इटालियन भाषेतल्या खरवडण्यावरूनच आलाय. मी मावसभावाला हे म्हटलं तर तो म्हणाला, कावी म्हणजे काय? वाढलाय मडगावात. म्हणून म्हणते, तुमच्या सुनेलाही कदाचित माहीत नसेल, आणि मग पहिल्यांदा तुम्ही तिला काहीतरी दाखवणार आहात.

त्यासाठी ती एकच भिंत कुठली ते सांगते. ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या भागात व्हिल्स आणि शेपर्ड फेअरी नावाचा अमेरिकन चित्रकार, दोघांनी मिळून २०१७ मध्ये एका बाईचा चेहरा केलाय. अर्धा चेहरा फेअरीनं रंगवलेला, अर्धा व्हिल्सनं कोरलेला. अगदी शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीसारखं, डावं-उजवं ताडून बघा. आधी समोरच्या फुटपाथवरून बघा, चेहरा अख्खा दिसतो, डोळे तुमच्याकडे. मग रस्ता ओलांडून अगदी नाक लावाल एवढ्या जवळ जा. कोरलेल्या बाजूला चेहरा नाहीसाच होतो, नुसतं फुटकं प्लास्टर, विटेचा तुकडा, रंगाचे पापुद्रे, म्हणजे तुम्ही पत्रात लिहिलंय ना ‘फोडून ठेवलंय’, अगदी तेच. रंगवलेल्या बाजूला कडा बघा, स्प्रेची कड कुठे कापल्यासारखी आहे आणि कुठे धुरासारखी पसरलीय. कड कापल्यासारखी असेल तर कागद कापून साचा लावून मारलेली, धूरकट असेल तर डबा लांब धरलेला, ओघळ आला असेल तर हात थांबला. मग परत मागे या. हे पुढे-मागे करणं म्हणजेच बघणं, दुसरं काही नाही. तुम्ही रविवारी बहुतेक मधे कुठेतरी उभ्या होतात, जिथून ना चेहरा दिसतो ना वीट, नुसती भिंत खराब दिसते.

आणि त्याच ग्रासात, चालत जाण्यासारखं, फेअरीचंच दुसरं चित्र आहे, हे तर तुम्ही गोव्याच्या म्हणून बघायलाच पाहिजे. एक बाई, हातात बंदूक, आणि बंदुकीच्या नळीत फूल, कार्नेशनचं. परदेशी टुरिस्ट येतात, मस्त आहे म्हणतात, फोटो काढतात, जातात. तुम्ही तिथे थांबा. २५ एप्रिल १९७४, सालाझारनं उभं केलेली हुकूमशाही सैन्यानंच एका दिवसात पाडली. त्या दिवशी एका रेस्टॉरंटला वर्ष झालं म्हणून फुलं आणलेली, पण बाहेर बंड, रेस्टॉरंट बंद, मालकानं फुलं कामगारांना देऊन टाकली, त्यातल्या सेलेस्त काएरो नावाच्या बाईकडे एका सैनिकानं सिगारेट मागितली, तिच्याकडे सिगारेट नव्हती, तिनं फूल दिलं, त्यानं बंदुकीत खोवलं. मग सगळ्यांनीच खोवली. आता आपला हिशेब बघा. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला, पण पोर्तुगालनं ते कागदावर मान्य कधी केलं? ३१ डिसेंबर १९७४. तेरा वर्षं हे लोक मानायलाच तयार नव्हते, आणि ती क्रांती झाल्यावर आठ महिन्यांत सही केली. तुमच्या वयाच्या बायकांनी ती वर्षं शाळेत असताना पाहिलीत. तेव्हा त्या भिंतीवरच्या फुलात थोडा हिस्सा आपलापण आहे, आणि हे तुमच्या सुनेच्या त्या डिझाईनवाल्या मैत्रिणींना कोणी सांगितलेलं नसणार.

क्रांतीनंतर त्या शहरात भिंती नुसत्या उतू गेल्या. १० जून १९७४ ला लिस्बनच्या बेलें भागात ४८ कलाकारांनी एकत्र उभं राहून एकच चित्र रंगवलं, ४८ का, तर हुकूमशाहीची ४८ वर्षं, एका वर्षाला एक माणूस. १९८१ मध्ये ते आगीत गेलं. भिंतीवर बोलणं आपल्याला काय नवीन आहे, १९६७ चा ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा ह्यावरचं मतदान, झालं तेव्हा मी पहिलीत होते, वाचता धड येत नव्हतं पण भिंतीवरचं फूल कोणाचं (विलीनीकरणवाल्यांचं) आणि दोन पानं कोणाची (विरोधकांची) ते आम्हा पोरांना पाठ होतं. आमच्या घराच्या कंपाउंडवर कुठलं होतं ते सांगत नाही, पन्नास-साठ वर्षं झाली तरी ह्या विषयावर आपल्याकडे अजून जेवणं थंड होतात.

तुम्हाला आणखी एक खुपत असणार असं मला वाटतं, पत्रात नाही पण वाक्यांमधून दिसतं, की एवढा खर्च, एवढी मेहनत, आणि उद्या पावसानं जाणार, बिल्डर पाडणार, कोणी पोरटं वर स्प्रे मारणार. मग कशाला? बाई, तुम्ही माटोळी, गणपतीच्या डोक्यावरची ती रानफळांची, बांधता ना चतुर्थीला? आठवडाभर रानात फिरून कांगलां, घागऱ्यो, माट्टुल्यो शोधायच्या, सुपारीचे घोस आणायचे, पुरुषांनी शिडीवर चढून बांधायचं, आणि विसर्जनानंतर उतरवायचं. आणि नरकासुर! वाड्यावरची पोरं महिनाभर रात्री जागून कागद, सुकं गवत, बांबू घेऊन वीस-वीस फुटी राक्षस उभा करतात, त्याचे डोळे, सुळे, कमरेचा पट्टा सगळं नजाकतीनं, आणि दिवाळीच्या पहाटे त्याला स्वतःच्या हातानं काडी लावतात. कोणी रडतं का? जी गोष्ट जाणार हे बनवतानाच माहीत असतं तिच्याकडे आपण गोवेकर फार छान बघतो, फक्त ती दुसऱ्याच्या गावात दिसली की आपण हिशेब मागतो.

नरकासुरावरून आठवलं, तो कचरा चिकटवलेला. तो बहुतेक बोर्दालो दुसरा. खरं नाव आर्तूर बोर्दालो, त्याचा आजोबा चित्रकार होता, त्याच्या मानासाठी हा स्वतःला दुसरा म्हणवतो, मला ते ऐकूनच माणूस आवडला. हा गाड्यांचे फुटके बंपर, टायर, पाइप, कचऱ्याचे प्लास्टिकचे डबे गोळा करून भिंतीवर प्रचंड प्राणी बनवतो. बेलेंमध्ये त्याचं एक रकून आहे, २०१५ चं. रकून म्हणजे साधारण आपल्या कांडेचोराचा अमेरिकन मावसभाऊ समजा, डोळ्याभोवती काळा पट्टा. तो डोळ्यांचा काळा भाग, ते अंगावरचे केस, सगळं भंगार. जवळ गेलात की बंपर, लांब गेलात की केस. प्राण्यांना जो कचरा मारतो त्यातूनच प्राणी बनवायचा, एवढी साधी गोष्ट आहे, समजवायला गाईड लागत नाही. बेलेंत तुम्ही तसंही जाणारच, वास्को द गामाची कबर असलेला तो मठ तिथेच, वास्कोला भेटून झालं की दहा मिनिटं ह्यालापण भेटा. खरं सांगायचं तर मला त्याचे सगळेच प्राणी आवडत नाहीत, काही जरा मेळ्यातल्या देखाव्यासारखे वाटतात, पण रकून चांगला आहे.

माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं मात्र भिंतीवर अर्धंच आहे. आल्फामा ह्या जुन्या भागात, रुआ द सांव तोमे ह्या रस्त्यावर, २८ नंबरची ट्राम बाजूनंच जाते. तुम्ही बघितलंच असेल लिस्बनचे फुटपाथ काळ्या-पांढऱ्या दगडाच्या छोट्या तुकड्यांचे, नक्षीचे. तर तिथे तो फुटपाथच चालता चालता लाटेसारखा उठतो आणि भिंतीवर चढतो आणि त्या दगडांत चेहरा आहे, आमालिया रोद्रिगिशचा, फादो, म्हणजे तिथली विरहाची गाणी, गाणारी, १९९९ मध्ये गेली, त्यांच्यासाठी लताबाई म्हणा. व्हिल्सनंच केलाय २०१५ मध्ये, पण एकट्यानं नाही, महापालिकेचे जे फुटपाथ बसवणारे कारागीर असतात, रोज गुडघ्यावर बसून दगड ठोकणारे, त्यांच्यासोबत. कल्पना अशी की पाऊस पडला की दगडावरून पाणी ओघळावं आणि ती रडतेय असं वाटावं. मी गेले तेव्हा नेमका बारीक पाऊस होता, मी छत्री सावरत, घसरत, शिव्या घालत चालत होते (ते दगड पावसात साबणासारखे होतात, रबरी तळाचे बूट घाला, आपल्या चपला नकोत) आणि मावसभाऊ म्हणाला थांब, तू तिच्या केसांवर उभी आहेस. खाली बघितलं तर खरंच. मी पाय उचलला तो कुठे ठेवू कळेना. देवाचं पान पायाखाली आल्यावर होतं तसं झालं. तिच्या गालावरून पाणी जात होतं. बाजूच्या घरातली एक म्हातारी खिडकीतून आमच्याकडे बघत होती, रोज दहा वेळा हेच बघत असणार, तिनं काही केलं नाही, फक्त खिडकीतला कपडा आत घेतला.

ती म्हातारी आठवली म्हणून सांगते, भिंतीवरचं बघताना भिंतीच्या मागे कोण राहतं ते पण बघा. मोरारिया म्हणून भाग आहे, आता तिथे आपल्याकडचे, बांगलादेशी, नेपाळी भरपूर, हळद-मेथी सगळं मिळतं, तुमचा मुलगा बहुतेक तिथूनच तांदूळ आणत असेल. तिथल्या एका बारक्या बोळात कॅमिला वॉटसन नावाच्या ब्रिटिश फोटोग्राफर बाईनं त्या बोळातच राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यांच्या घरांच्या भिंतींवर छापलेत. पुतळे राजांचे असतात, इथे शेजारची आजी आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. तुम्हाला हे स्प्रेपेक्षा पटकन पोचेल असं मला वाटतं.

आणि सून कधी ‘किंता दू मोशू’ला नेते म्हणाली तर जरूर जा, पण गाईड घेऊन. शहराच्या कडेला, विमानतळापासून जवळच असलेली वसाहत, अंगोला, केप व्हर्द, गिनी-बिसाऊ इथून आलेली कुटुंबं राहतात, एकेकाळी टॅक्सीवाले यायला तयार नसायचे अशी ख्याती. २०१४ पासून तिथल्या इमारतींच्या बाजूच्या आंधळ्या भिंती रंगवायला लागले, चार-चार मजली चित्रं, आता शंभरावर आहेत, आणि दाखवायला तिथलीच पोरं येतात. त्यांच्या तोंडून ऐका. पण ते कोणाचं तरी घर आहे हे लक्षात ठेवा, आपल्या पणजीच्या फोंतेन्हासमध्ये काय चाललंय बघताय ना, लोक दुसऱ्याच्या पायरीवर बसून, दुसऱ्याच्या खिडकीला टेकून प्री-वेडिंग करतात आणि घरातल्या माणसानं दार उघडलं तर त्यालाच बाजूला व्हा म्हणतात. तसं आपल्याकडून तिथे नको. फोटो काढायचा तर विचारून, आणि गॅलरीत कोण उभं असेल तर आधी हात हलवून बोआ तार्द (शुभ दुपार) म्हणा, एवढं पोर्तुगीज आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला ठेवलंय.

आणि एक, हे मी तुम्हाला उगाच चावी मारायला सांगतेय. लिस्बनमध्ये २०१२ ला ‘लाता ६५’ नावाचा उपक्रम सुरू झाला, लारा सेशू रोद्रिगिश ह्या बाईनं सुरू केला, म्हाताऱ्या माणसांना ग्राफिटी शिकवायची. लाता म्हणजे स्प्रेचा डबा, ६५ म्हणजे वय, आणि बोलीभाषेत लाता म्हणजे आगाऊपणापण. हातात ग्लोव्हज, तोंडाला मास्क, आधी कागदावर स्वतःचा टॅग ठरवायचा, मग पुठ्ठा कापून साचे, मग खरी भिंत. तुम्ही ६६ च्या, वयाची अट पूर्ण. सध्या वर्कशॉप कुठे-कधी आहे ते सुनेला शोधायला लावा, मुद्दाम तिलाच लावा. आणि नसेल तर तिच्या ऑफिसातून एक जाड पुठ्ठा मागून घ्या आणि घरीच साचा कापा. ३१ वर्षं फळ्यावर सुवाच्य लिहिलेल्या हाताचा टॅग कसा दिसतो ते मला बघायचंय, फोटो पाठवा.

एवढं सगळं बघूनही नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा. मलापण सगळं आवडत नाही. पण ‘ही आवडली, ती नाही, आणि का’ एवढं बोललात तरी सून तुमच्याशी भांडेल, आणि भांडायला लागली म्हणजे बोलायला लागली.

जाता जाता एक कामाचं. परत येताना सगळ्यांना द्यायला निळ्या टाइल घ्याल, सगळेच घेतात, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात आहेत तशा. दुकानातल्या नव्या घ्या, खुशाल घ्या. पण मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा, नावाचा अर्थच चोरट्या बाईचा बाजार, तिथे किंवा कुठेही जुनी सुटी टाइल कोणी स्वस्तात द्यायला लागला तर उलटी करून पाठ बघा. पाठीला जुना चुना चिकटलेला असेल तर ती कोणाच्यातरी घराच्या भिंतीवरून उचकटलेली असू शकते, तिथे हा चोरीचा धंदा एवढा वाढला की पोलिसांना त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. तशी असेल तर ठेवून द्या आणि माझ्यासाठी सार्डिनचा डबा आणा.